गुरुदेव सेवा मंडळात नव्यानं जाताय? सतरंजीपासून सुरुवात करा

लग्न होऊन आर्वी तालुक्यातल्या या गावात आले, त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी सासऱ्यांनी भगवी टोपी डोक्यावर चढवली आणि "येतो" म्हणून निघाले. मी नाशिककडची. मला वाटलं, कुठल्या तरी पक्षाची सभा असेल. सासूबाईंना विचारलं तर त्या हसत सुटल्या. "सभा नाई व माय, पार्थना हाय. रोजचीच."

ती प्रार्थना गुरुदेव सेवा मंडळाची. त्याला अकरा वर्षं झाली. आज आमच्या गावच्या महिला मंडळाची हिशेबाची वही माझ्याकडे असते. दरवर्षी दोन-चार नवे चेहरे येतात. कुणी नवी सून, कुणी बदलून आलेले गुरुजी, कुणी पुण्याची नोकरी सोडून शेती करायला परतलेला पोट्टा. सगळ्यांचे प्रश्न तेच आणि चुकाही त्याच. मी त्या सगळ्या करून बसले आहे, म्हणून हे लिहून ठेवते. रीत गावागणिक थोडी बदलते. मी आमच्या गावची सांगते.

१. आधी हे काय आहे ते समजून घ्या

"गुरुदेव म्हणजे नेमके कोणते गुरू?" हा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात विचारला होता आणि चार जणांनी चार उत्तरं दिली. मला पटलेलं उत्तर शेजारच्या काकाजींचं. ते म्हणाले, गुरुदेव म्हणजे कुणी एक माणूस नाही. ज्याच्याकडून शहाणपण येते तो गुरुदेव. मंडळ मात्र तुकडोजी महाराजांचं.

महाराजांचा जन्म १९०९ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. घरचं नाव माणिक. गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि आजही सगळ्या वाटा तिकडेच जातात. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर, आष्टी, बेनोडा, यावली या गावांत इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा महाराजांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. आष्टी आमच्या बाजूचीच. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्यांना महाराज संत म्हणून आठवतात तेवढेच खंजिरी घेऊन गाव पेटवणारा माणूस म्हणूनही. "भजन ऐकून लोकं घरी नाई गेले, ठाण्यावर गेले," असं एक आजोबा सांगायचे. त्यांनी ते त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं.

सभासद व्हायला काय लागतं, असं पुष्कळ जण विचारतात. आमच्या गावात कुणी माझ्या कानात मंत्र सांगितला नाही, गळ्यात माळ घातली नाही, शपथही घ्यायला लावली नाही. मी जात राहिले. एक दिवस सकाळच्या सफाईला कोण कोण येणार याची यादी काढताना माझं नाव मला न विचारता लिहिलेलं होतं. झाले सभासद.

२. पहिले पंधरा दिवस नुसतं जाऊन बसा

वेळ दिवेलागणीची. आमच्याकडे हिवाळ्यात साडेसहा, उन्हाळ्यात सात. या वेळा पाळल्या जातात. लग्नाच्या पत्रिकेवरची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत विदर्भातसुद्धा फरक असतो हे मला इथं कळलं. साडेसहा म्हणजे साडेसहाला पहिला स्वर. उशीर झाला तर चपला वाजवत पुढं जाऊ नका. मागच्या रांगेत टेका.

जागा बहुतेक मारुतीच्या देवळासमोरची, नाहीतर समाजमंदिर. रांगा सरळ असतात, पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. समोर अधिष्ठान मांडतात. आमच्याकडे ते म्हणजे स्वच्छ पांढऱ्या चादरीची गादी, लोड आणि दिवा. त्यावर कुणाची मूर्ती नसते. मी पहिल्या गुरुवारी मोठ्या भक्तिभावानं घरून एक देवाची तसबीर आणि अगरबत्तीचा पुडा नेला आणि गादीवर ठेवायला निघाले. मागून एका आजीनं पदर ओढला. "ते रिकामंच राहू दे, बाई. सगळ्याइचं हाय ते." इतकंच. नंतर कुणी त्याचा उल्लेखही केला नाही, पण ती तसबीर मांडीवर घेऊन मी तासभर बसले होते.

गादी रिकामी का ठेवतात, हे मला पुढं गावच्या निवडणुकीत कळलं. त्या वर्षी दोन पॅनल पडले, दोन सख्ख्या चुलतभावांत बोलणं बंद झालं. दोघंही प्रार्थनेला यायचे आणि जागा मिळेल तसे, कधी कधी शेजारी शेजारी बसायचे. बाहेर आल्यावर परत तोंडं फिरवलेली! पण आत कुणी उठून रांग बदलली नाही. रांगेत जो आधी आला त्याच्या शेजारी नंतरचा. जात, पॅनल, किती एकर, काही बघायचं नाही. हा नियम कुठं लिहून लावलेला नाही. तुम्ही "मी इकडं बसते" म्हणून ओळखीची जागा शोधायला लागलात की तो मोडतो, आणि ते सगळ्यांना दिसतं.

कपडे साधे चालतात. पांढरे असले तर बरं. पुरुष टोपी घालतात. नव्या माणसानं लगेच टोपी विकत आणायची घाई करू नये, कुणीतरी देतं. आणि खर्रा, म्हणजे इकडची सुपारी-तंबाखू. प्रार्थनेला बसण्याआधी तोंड धुऊन या. खर्र्याची पन्नी, म्हणजे पुडी, खिशात असली तरी खिशातच राहू द्या. व्यसन सोडवणं हे मंडळाचं जुनं काम आहे, आणि ते करणाऱ्यांपैकी दोघांच्या खिशात पन्नी असते हेही मला माहीत आहे. तुम्ही दाखवून देऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी.

भेटलं की "जय गुरु". उत्तरही "जय गुरु". "नमस्कार" म्हटलं तरी कुणी रागावत नाही, पण आपण पाहुणे राहतो.

३. सतरंजी उचला

माझं या सगळ्या लेखातलं खरं सांगणं एवढंच आहे. बाकी वेळ नसेल तर हा भाग वाचा.

प्रार्थना संपली की दहा मिनिटांत सगळे पांगतात. तेव्हा सतरंज्या झटकून, घडी घालून, खोलीत उंदीर लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवायच्या असतात. दिवा शांत करायचा, गादीची चादर आठवड्याला धुवायला न्यायची, कुलूप लावायचं, किल्ली ठरल्या घरी द्यायची. हे काम करणारे दोन-तीन जण असतात आणि मंडळ त्यांच्यावर चालतं. अध्यक्ष कोण हे गावात अर्ध्या लोकांना सांगता येत नाही. किल्ली कुणाकडे असते हे शाळेतलं पोरही सांगतं.

नवा माणूस येतो तो पेटीकडे बघतो, माइककडे बघतो. बदलून आलेले एक गुरुजी तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "मी हार्मोनियम वाजवतो." वाजवायचे छान. पण पेटीवर गेली वीस वर्षं ज्यांचा हात होता ते काकाजी दुसऱ्या दिवसापासून मागच्या रांगेत बसू लागले आणि आठवड्यानं यायचेच बंद झाले. गुरुजींना कुणी काही बोललं नाही. त्यांना स्वतःलाच उमगलं, तेव्हा ते काकाजींच्या घरी गेले, चहा घेतला आणि म्हणाले, "मले शिकवा." शिकायला त्यांना काही शिल्लक नव्हतं. पण पेटी परत काकाजींकडे गेली आणि गुरुजी टाळ धरून बसले. आता काकाजी स्वतःच म्हणतात, "गुर्जी, आज तुमी बसा."

सतरंजी उचलली की हे सगळं टळतं. घडी घालायला दोन माणसं लागतात, दुसऱ्या टोकाला कुणीतरी येतं, बोलणं होतं. माझ्या इथल्या निम्म्या मैत्रिणी सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला भेटलेल्या आहेत.

४. प्रार्थना पाठ कशी करायची

बराच भाग हिंदीत आहे, याचा नव्या लोकांना धक्का बसतो. महाराजांनी मराठी आणि हिंदी दोन्हींत रचना केल्या. पुस्तक हातात घेऊन म्हणायला हरकत नाही, पण दिवा मंद असतो आणि वीज जाते. रोज दोन ओळी घरी पाठ करा. भाकरी थापताना म्हणा. माझ्या मुलीला माझ्या आधी पाठ झाली, कारण ती वाचत नव्हती, ऐकत होती.

आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळला पाहिजे. तुमचा गळा कितीही गोड असो, तो वेगळा ऐकू आला तर तुम्ही चुकताय. आणि मौन असतं तेव्हा मोबाइल. आता कितीही सांगितलं तरी आठवड्यातून एकदा कुणाचा तरी वाजतोच. माझाही वाजला आहे, आणि रिंगटोन सांगण्यासारखी नव्हती.

५. खंजिरी

महाराजांचं वाद्य. चार बोटं रुंदीचं लाकडी कडं, एका बाजूनं कातडं, खाचांत पितळी झांजा. डाव्या हातात धरायची, उजव्यानं वाजवायची. बघायला सोपी. पहिल्या आठवड्यात डावं मनगट दुखून येतं, कारण आपण ती आवळून धरतो. सैल धरा आणि डावा हातही थोडा हलता ठेवा. झांजा त्या हलण्यानं बोलतात. आधी नुसता ठेका पक्का करा. भजन ऐकून हात आपोआप चालायला लागला की मग तोंडानं म्हणायला घ्या. दोन्ही एकदम जमवायला गेलं की दोन्ही अडखळतं.

पावसाळ्यात कातडं सर्द होतं आणि आवाज ढब्ब येतो. शेगडीच्या लांबून शेक द्यायचा, जवळ धरायची नाही. मी जवळ धरली. तडकली. ती सासऱ्यांची होती. आता प्लॅस्टिकच्या पडद्याच्या मिळतात, त्यांना ही भानगड नाही. शिकायला त्याच घ्या.

एक सावधगिरी. "ही जुनी आहे, घोरपडीच्या कातड्याची, आवाज बघा" म्हणून कुणी विकायला आणलं तर हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपड संरक्षित आहे. घेणारा आणि विकणारा दोघंही अडकतात.

बायांनी खंजिरी वाजवायची का, असं मला अजून बाहेरगावच्या बाया विचारतात. आमच्याकडे महिला भजनी मंडळ आहे, खंजिरी भजनाच्या स्पर्धेला जातं आणि येताना कधी कधी ढालही आणतं.

६. खराटा आणि रामधून

सकाळची फेरी गावोगावी वेगळी. आमच्याकडे रोज होत नाही, खोटं कशाला सांगू. ग्रामजयंतीला, म्हणजे ३० एप्रिलला महाराजांच्या जन्मदिवशी, आणि पुण्यतिथीच्या आधीचा आठवडाभर होते. आधी सफाई, मग रामधून, म्हणजे रामनामाचं भजन, म्हणत गावातून फेरी. दाराशी सडा-रांगोळी झालेली असते.

सोबत हे लागतं:

- लांब दांड्याचा खराटा. घरातला झाडू नाल्यांपुढं टिकत नाही.
- फावडं आणि घमेलं, दोघांत एक पुरतं.
- हातमोजे. ज्येष्ठ मंडळी घालत नाहीत, तुम्ही घाला. नालीत दारूच्या बाटल्यांच्या काचा असतात.
- जुनी गोणी, प्लॅस्टिक वेगळं भरायला.
- पायात बंद बूट. पावसाळा संपता संपता विंचू-काटा असतो.
- टॉर्च.

इथला सापळा म्हणजे फोटो. खराटा हातात घेऊन फोटो काढणारे आणि झाडणारे असे दोन गट पडले की दुसरा गट पुढच्या वेळी कमी होतो. दुसरा सापळा म्हणजे आपल्या दारापासून सुरुवात करणं. गावाच्या ज्या टोकाला कुणी जात नाही तिथून सुरू करायची आणि देवळाशी संपवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. तिसरी गोष्ट म्हणजे भोंगा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावायला कायद्यानं बंदी आहे. पहाटेची रामधून तोंडानंच म्हणायची, ती तशीच गोड लागते. आजारी माणसाच्या घरापुढं आवाज उतरवायचा.

नाली काढून झाली की गाळ काठावर तसाच ठेवून जायचं नाही. एका वर्षी आम्ही ठेवला. दुपारी अवकाळी पाऊस आला आणि सगळा परत आत.

७. बोलायची पाळी आली तर

प्रार्थनेनंतर महाराजांनी लिहिलेल्या ग्रामगीतेतल्या चार ओव्या वाचून त्यावर थोडं बोलायची पद्धत आमच्याकडे आहे. पाळी फिरते, सहा महिन्यांत तुमच्यावर येईल. ग्रामगीतेचे ४१ अध्याय. आठवड्याला एक वाचलात तर दहा महिन्यांच्या आत पूर्ण होते, आणि भाषा अवघड नाही. शेतावरच्या माणसाला कळावी म्हणूनच लिहिलेली आहे. सुरुवातीपासून सुरू करायची गरज नाही. मी ग्रामशुद्धी, ग्राम-आरोग्य, महिलोन्नती असे अध्याय आधी वाचले, कारण त्यातलं सगळं खिडकीतून दिसत होतं.

माझं पहिलं बोलणं पंचवीस मिनिटं चाललं. मी मुंबईचे, पुण्याचे दाखले दिले, एक इंग्रजी शब्दही वापरला असेन. गावातली बाई दिवसभर कापूस वेचून आलेली असते, तिला घरी जाऊन चूल पेटवायची असते. सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "चांगलं बोलली. वरण करपलं माह्यं." तेव्हापासून पाच मिनिटं. एक ओवी, गावातली एक गोष्ट, बस. त्या गोष्टीत जिवंत माणसाचं नाव नको, आणि हुंडा घेतलेल्या घराकडे बघत हुंड्यावर बोलायचं नाही. बोलायचं जरूर, बघायचं नाही.

८. घरचं लग्न, घरचं मरण

खरी परीक्षा इथं. मंडळाचा आग्रह साध्या लग्नाचा, हुंडा नको, कर्ज काढून मांडव नको. मरणानंतर तेराव्याचं गोडाधोडाचं जेवण नको. त्याऐवजी भजन, श्रद्धांजली, जमलं तर एक झाड. प्रत्येक सेवकाच्या घरी असं होतंच असं नाही. भाऊबंद ऐकत नाहीत, मुलीकडचे ऐकत नाहीत, आणि बापाच्या मरणात वाद घालायला कुणाच्या अंगात त्राण असतं? सासरे गेले तेव्हा आमच्या घरात दोन दिवस हाच वाद चालला. शेवटी मी दिराला म्हटलं, दादांनी, तुमच्या वडिलांनी, स्वतः किती जणांच्या घरी जाऊन तेरावं थांबवलं ते आठवा. भजन झालं, आंब्याचं कलम लावलं. एक आत्या अजून बोलत नाही.

नव्या माणसाला माझा सल्ला: दुसऱ्याच्या घरच्या कार्यात नियम सांगायला जाऊ नका. तिथं फक्त कामाला जा. पाणी भरा, पंगतीत वाढा. तुमच्या घरी वेळ येईल तेव्हा तुमचं काय ते ठरवा आणि ते घरात आधी, माणसं धडधाकट असताना, बोलून ठेवा. आम्ही सासऱ्यांशी बोललो होतो म्हणून निभावलं.

९. पैसा आणि कागद

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. एका वर्षी पुण्यतिथीच्या जेवणाची वर्गणी मी सोयीसाठी माझ्याच मोबाइलवर यूपीआयनं घेतली. त्याच खात्यातून घरचा किराणा, पोरीची फी. दोन महिन्यांनी हिशेब मागितला तेव्हा तीनशे चाळीस रुपये काही केल्या लागेनात. कुणी चोर म्हटलं नाही. पण वही मांडून बसले असताना समोरच्या सहा बाया गप्प होत्या, ते मला अजून आठवतं. पदरचे भरले. तेव्हापासून एक पै माझ्या खात्यावर नाही. तुम्हीही घेऊ नका, कितीही कुणी आग्रह केला तरी.

वर्गणीला पावती, पावतीला क्रमांक, खर्चाला बिल. धान्य आलं तर तेही वहीत: ज्वारी किती पायली, वांगी किती किलो. जेवणावळ झाल्यावर आठ दिवसांत हिशेब प्रार्थनेनंतर मोठ्यानं वाचायचा. आमच्याकडे रोडगे, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची भाजी आणि वरण असतं. माणशी पाव किलो कणीक धरली की कमी पडत नाही. कमी पडलं की वर्षभर ऐकावं लागतं. उरलं तर पहिली टोपली कुणाकडे जाते याकडे लोक बघत असतात, म्हणून ते आधी ठरवा.

गावात शाखा आधीच असेल तर नोंदणीच्या वाटेला जायचं कारण नाही. पण काही तरुणांना स्वतःचं सभागृह बांधायचं असतं, देणग्या घ्यायच्या असतात. तेव्हा पहिला फोन गुरुकुंजच्या कार्यालयाला करा आणि मंडळाचं नाव कसं वापरायचं ते विचारून घ्या. वेगळी संस्था काढायचीच ठरली तर ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होते. किमान सात माणसं लागतात. गोळा करून ठेवायचे कागद:

- संस्थेचं ज्ञापन आणि नियमावली, सगळ्यांच्या सह्यांसह
- कार्यकारी मंडळाची यादी: नाव, वय, पत्ता, धंदा, पद
- पहिल्या सभेचा ठराव आणि अर्ज करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र
- प्रत्येकाचं संमतिपत्र आणि ओळखीचा पुरावा
- कार्यालयाच्या जागेचा पुरावा आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र
- प्रतिज्ञापत्र

नावाचे दोन-तीन पर्याय न्या. एक आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. आधार कार्डावर "रामदास" आणि यादीत "रामदासजी" असलं तरी कागद परत येतो. आणि हे मात्र लाल शाईनं लिहून ठेवा: अध्यक्ष किंवा सचिव बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. खेड्यातल्या संस्था इथंच बुडतात. अध्यक्ष वारतात, नवा निवडला जातो, हार घातला जातो, आणि धर्मादायच्या नोंदीत दहा वर्षं वारलेलेच अध्यक्ष राहतात. मग बँक सही मानत नाही आणि खात्यातला पैसा खात्यातच.

१०. मोझरीला जाताना

पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीची. महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं, पण सोहळा तिथीनं होतो, म्हणून दरवर्षी तारीख बदलते. कॅलेंडर बघूनच रजा टाका. मोझरी अमरावती-नागपूर रस्त्यावर आहे, अमरावतीकडून येताना तिवस्याच्या अलीकडे. आमची दिंडी आर्वीकडून वर्धा नदी ओलांडून जाते.

अडचण हंगामाची. नेमकी सोयाबीनची सवंगणी, म्हणजे कापणी, मळणीयंत्राची पाळी, कुठं कुठं कापसाची पहिली वेचणी. दिंडीला जाणारा माणूस घरात कुणावर तरी काम टाकून जात असतो. आम्ही आता घरटी एकच जण नेतो आणि मळणीची पाळी आधी अदलाबदल करून घेतो. नवी सून असाल तर पहिल्या वर्षी मागे राहण्याची तयारी ठेवा. दुसऱ्या वर्षी सासूबाई स्वतः मळणीवर थांबतात.

सोबत पातळ चादर, ताट-पेला, पाण्याची बाटली, पायाला मुरलेली चप्पल, दुखण्याचं औषध, टॉर्च, घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद. मोबाइलची बॅटरी संपते आणि त्या गर्दीत चुकलेली म्हातारी माणसं दर वर्षी असतात. चुकामूक झाली तर भेटायची जागा गावातूनच ठरवून निघा. "समाधीपाशी" असं ठरवू नका, सगळं विदर्भ समाधीपाशी असतं.

मौन श्रद्धांजली दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. चारलाच जागा धरा, पाणी पिऊन घ्या, लहान मुलांना खाऊ घालून घ्या. त्या क्षणी चहाची गाडी, फुगेवाले, भोंगे, सगळं थांबतं. पहिल्या वर्षी मी फोनमध्ये वेळ बघत होते, म्हणून मला ते थांबणं नीट कळलंच नाही. घड्याळ बघायची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी गोपालकाला. एक डबा रिकामा न्या आणि काला भरून आणा. जे मळणीवर थांबले त्यांच्या घरी तो आधी द्यायचा, मग स्वतःच्या. आणि परतल्यावर सतरंज्या धुवायच्या असतात, कारण दिंडीच्या ट्रॅक्टरात त्याच अंथरलेल्या असतात. जाड असतात, वाळायला दोन दिवस लागतात. तेवढे दोन दिवस प्रार्थनेला गोणपाटावर बसायचं.